पोच आहे का?

सातारा जिल्ह्यात फौजेतून पेन्शनीवर आलेला माणूस शिपाई असो, नाईक असो की हवालदार, एसटीतून पेटी खाली उतरवली की तो 'मेजर' होतो. त्यासाठी ना आदेश निघतो, ना खांद्यावर काही चढतं. आमच्या आळीतले मेजर २०१३ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून सुटले आणि त्याच संध्याकाळी पारावर मेजर झाले. त्यांच्या आयुष्यात कागदाशिवाय झालेलं हे एकच काम. बाकी सगळ्याला कागद आहे, कागदाची झेरॉक्स आहे आणि झेरॉक्सवर 'ट्रू कॉपी'चा शिक्का आहे.

"पोच आहे का?" हा त्यांचा आवडता प्रश्न. कोणाला काही दिलं, कोणाकडून काही घेतलं, की पोच हवी. गिरणीवाला पोच देईना, तर हे डब्याच्या झाकणावर खडूने वजन लिहितात आणि त्याच्याकडून खाली सही करवून घेतात. पुतणीच्या लग्नात आहेर लिहून घ्यायला बसलेल्या पोराकडून त्यांनी 'रु. ५०१ मिळाले' अशी चिठ्ठी मागितली. पोरगं हसत हसत लिहून मोकळं झालं. मेजर हसले नाहीत. "तारीख घाल," म्हणाले.

असा माणूस तुमच्याही घरात असणार. फौजी नसेल तर निवृत्त कंडक्टर असेल, सोसायटीचा माजी सचिव असेल, नाहीतर प्रत्यक्ष सासरे असतील. खिशाला दोन पेनं, निळं आणि लाल, आणि बगलेत प्लास्टिकची पिशवी, जिच्यातली मूळ प्रत कोणालाही दाखवायची नसते. आमच्या मेजरांना मात्र हे वेड हौसेनं लागलेलं नाही. ते लागलं डाव्या खुब्यामुळे.

१९९८ च्या हिवाळ्यात, काश्मीरमधल्या एका चौकीवर, बुखारीसाठी, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीसाठी, रॉकेलचा वीस लिटरचा जेरीकॅन वर नेताना मेजरांचा पाय बर्फावरून सटकला. जेरीकॅन एकीकडे, हे एकीकडे. खुबा निखळला. चौघांनी स्ट्रेचरवरून खाली आणलं, लष्करी रुग्णालयात सांधा जागेवर बसवला, पायाला वजनं टांगून झोपवलं, आणि पुढे यथावकाश मेजर परत पलटणीत. गोष्ट एवढीच. यात गोळीबार नाही, शत्रू नाही. मेजर ही गोष्ट गावात सांगत नाहीत. गावात ते बुखारीची सांगतात, बर्फाची सांगतात, जेरीकॅनशी आले की चहा मागवतात.

खुब्याचा गोळा आत वाटीत बसलेला असतो. त्याला रक्त पोचवणाऱ्या नळ्या बारीक, हाडाच्या मानेला बिलगून वर जाणाऱ्या. सांधा निखळला की त्या दुखावतात. वरून सगळं जागेवर बसलेलं दिसतं, पण आत गोळ्याला रक्त पुरत नाही. तो सुकत जातो आणि एक दिवस खचतो. डॉक्टर त्याला 'एव्हीएन' म्हणतात. मेजर 'माझा एव्हीएन' म्हणतात, घरातल्या बैलाविषयी बोलावं तसं.

या सगळ्या वर्षांत मेजरांनी काय केलं? चांगला जवान जे करतो तेच केलं. गप्प बसले. फौजेत तब्येतीची वर्गवारी असते. सगळं ठणठणीत असेल तर 'शेप वन'. ती खाली आली की बढतीचा कोर्स अडतो, हुद्दा अडतो. म्हणून नाईकाचे हवालदार होईपर्यंत हा माणूस दुखरा पाय घेऊन पळाला. फारच झालं तर एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जायचं. तिथे डॉक्टर विचारणार, "कैसा है?" हे म्हणणार, "ठीक है, साब." मग रजिस्टरवर 'एम अँड डी' पडायचं, म्हणजे औषध घ्या आणि ड्यूटीवर जा. क्वचित 'अटेंड सी', म्हणजे काही दिवस पीटी माफ. दोन गोळ्या खिशात टाकून मेजर ड्यूटीवर. दुखणं लपवण्यात ते इतके तरबेज झाले, की निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डासमोर उभे राहिले तेव्हा ते सिद्ध करायला हाताशी काहीच उरलं नव्हतं.

बोर्डाने दोन गोष्टी लिहिल्या. एक, या आजाराचा लष्करी सेवेशी संबंध नाही. दोन, अपंगत्व १५ ते १९ टक्के. नेमलेली सेवा पुरी करून सुटलेल्याला अपंगत्वाची पेन्शन मिळायची तर आजार सेवेमुळे झालेला किंवा सेवेत बळावलेला हवा, आणि अपंगत्व किमान २० टक्के हवं. मेजर एका टक्क्याने नापास. बरं, वीस मिळाले असते तर? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने पन्नासाच्या आतलं अपंगत्व पन्नास धरायचं. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराचे तीस टक्के, म्हणून पन्नासाला पंधरा. म्हणजे एकोणीस बरोबर शून्य, आणि वीस बरोबर पन्नास. मी आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं. हे समीकरण मेजरांनी माझ्या ओट्यावर बसून मला समजावलं, आणि "कळलं का गुरुजी?" असं विचारलं.

बोर्डाविरुद्ध दाद मागायचं त्यांनी ठरवलं, आणि तिथून मी या प्रकरणात आहे. माझ्याकडचं खातं म्हणजे इंग्रजी. मेजर मराठीत सांगतात, मी लिहितो, ते वाचायला लावतात आणि मग म्हणतात, "जरा कडक करा. हे फारच रजेच्या अर्जासारखं वाटतंय."

पुराव्याचं मुख्यालय म्हणजे पलंगाखालची काळी पेटी. पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेली, फौजेतून प्रत्येकजण आणतो तशी. हुद्द्याच्या जागी खरवडून दोनदा बदल केलेला दिसतो. उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. आत फायली, प्रत्येक फाइलला दोरा, प्रत्येकीच्या पाठीवर अनुक्रमणिका. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, सेवेच्या नोंदींच्या शीट रोलची नक्कल. सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे 'पार्ट टू ऑर्डर'ची एक अर्धवट पुसट प्रत. फौजेत माणसाचं जे काही होतं, रजा, लग्न, मूल, दवाखाना, ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापलं जातं. या प्रतीत मेजर अमुक तारखेला रुग्णालयात दाखल झाले एवढी एक ओळ आहे. का दाखल झाले, ते नाही. त्या ओळीवर त्यांनी लाल पेनाने रेघ मारली होती, पण मूळ प्रतीवर रेघ मारली म्हणून स्वतःवरच इतके चिडले, की आता झेरॉक्सवरच मारतात.

जखमेचा रीतसर अहवाल मात्र सापडत नाही. पलटण त्या सुमारास फील्डमधून पीस स्टेशनला, म्हणजे शांत ठिकाणी, हलत होती. हलताना बंदुका, भांडी, गणपतीची मूर्ती, सगळं नीट पोचलं. एक कागद पोचला नाही. त्यासाठी माहिती अधिकार. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, अर्ज, आणि तीस दिवसांची मुदत कॅलेंडरवर. एका कार्यालयातून उत्तर आलं, की सदर अभिलेख उपलब्ध नाही. मी खट्टू झालो. मेजर उजळले. "'नाही' हेही लेखी आलं ना! आता कागद हरवला तो त्यांच्या घरी. माझ्या घरी नाही." त्या नकाराच्या पत्राच्या त्यांनी लगेच तीन झेरॉक्स काढल्या. टपाल खात्याने २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तेव्हा मात्र दोन दिवस त्यांना घास गेला नाही. पोचपावतीची सोय राहणार आहे असं पोस्टमनने शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे जेवले.

कायद्यातही मेजरांचे तिघे जिवलग आहेत. धरमवीर सिंग, राम अवतार आणि तरसेम सिंग. हे तिघे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत, पण मेजर त्यांची नावं बटालियनमधल्या माणसांसारखी घेतात. "धरमवीर काय म्हणतो? भरतीच्या वेळी तुमच्या कागदात आजार लिहिलेला नव्हता, मग तो नोकरीत झाला असंच धरायचं. नसेल धरायचं तर बोर्डाने कारण द्यायचं." हा २०१३ चा. "भरतीला माझे दातसुद्धा मोजले, गुरुजी. खुबा वाकडा असता तर दिसला नसता?" राम अवतार तो टक्क्यांचा. तरसेम सिंग २००८ चा, तो जरा दुःखाचा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पेन्शनीचा दावा उशिराही करता येतो, पण थकबाकी मिळते ती अर्जाआधीच्या तीनच वर्षांची. तरसेमचं नाव निघालं की मेजर उसासा टाकतात. मेजरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, ही नावं उठता-बसता ऐकून पाठ झाली होती. एका दिवाळीला त्यांनी विचारलं, "ते धरमवीर एवढी मदत करत्यात, तर त्यांच्या घरी चिवड्याचा डबा पाठवायचा का?" मेजर क्षणभर विचारात पडले, हे मी स्वतः पाहिलं.

मग फोटो. युनिटच्या मंदिरातला, भजनाच्या वेळचा. सगळे जवान सतरंजीवर मांडी घालून टाळ वाजवतायत, आणि कडेला एकटा माणूस दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीवर पाय सरळ सोडून बसलाय. त्याच्याभोवती लाल वर्तुळ आणि 'मी'. "सुभेदार साब खाली आणि नाईक वर? कोण बसू देईल? मांडी घालता येत नव्हती म्हणूनच ना!" पुरावा खरोखर बिनतोड होता. फक्त फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली तारीख १ जानेवारी १९८७ होती. तेव्हा मेजर गावात दहावीची तयारी करत होते. कॅमेऱ्याचं घड्याळ कोणी लावलंच नव्हतं. मी म्हटलं, हा राहू द्या. मेजर म्हणाले, "राहू द्या कसा? ज्यानं काढला त्याच्याकडून लिहून आणतो." आणि खरोखरच त्यांनी त्या माणसाला शोधून काढलं आणि 'माझ्या कॅमेऱ्यातील तारीख चुकीची होती' असं लेखी आणलं. आता फोटो एक पानाचा आणि त्याचं स्पष्टीकरण दोन पानांचं आहे.

सगळ्यात रंगली ती साक्षीदारांची मोहीम. स्ट्रेचरचे चार खांदे शोधायचे होते. एक शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा, एक बेळगावकडचा, एक पुण्यात एका कंपनीच्या फाटकावर सिक्युरिटीत. चौथा वारला होता. मेजरांनी त्याच्या घरी जाऊन फक्त चहा घेतला. काही मागितलं नाही.

पुण्याच्या फाटकावर त्या मित्राने आधी मेजरांना रजिस्टरमध्ये नाव, गाव, येण्याची वेळ लिहायला लावली, ओळखपत्र पाहिलं, आणि मगच मिठी मारली. मेजर या गोष्टीवर इतके खूश होते, की घरी येऊन त्यांनी आधी ती सांगितली. साक्ष काय मिळाली हे नंतर. बेळगावकडच्याला सगळं लख्ख आठवत होतं. फक्त पाय उजवा आठवत होता. टाकळीचा तर मोठ्या मनाचा. रात्री जेवताना म्हणाला, "गणपत्या, जेरीकॅन कशाला लिहायचा? अतिरेक्यांशी चकमकीत पडला असं लिहू. मी सही करतो. कोण बघायला आलंय?" मेजरांनी भाकरी खाली ठेवली. "जेरीकॅन म्हणजे जेरीकॅन," म्हणाले. "बाकीचं ज्यांच्याबरोबर झालं, त्यांना लिहू दे." गावात जे सांगायला लाजतात तेच कागदावर मात्र त्यांना जसंच्या तसं हवं असतं, लिटरसकट.

त्याच मित्राकडून एक अमोल दस्तऐवज मिळाला. एव्हीएन व्हायला दारूही एक मोठं कारण असतं, म्हणून बोर्डात हमखास विचारतात, पिता का? मेजर माळकरी. नोकरीत सुटी मिळाली तर आषाढीला जोडून घ्यायचे आणि लोणंदपासून माउलींच्या पालखीबरोबर चालायचे. फौजेत थंडीच्या ठाण्यांवर रम मिळते, आणि मेजरांच्या नावावरही ती निघायची. मग ती जायची कुठे? टाकळीकराने लिहून दिलं आहे, मी इंग्रजी करताना शब्द बदलला नाही: 'सदर इसमाच्या वाट्याची रम तो कधीही घेत नसे. ती मी स्वतः घेत असे. हे विधान मी शुद्धीवर असताना करीत आहे.' मुंबईतल्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलपुढे आमचा अर्ज आहे. त्यात हे परिशिष्ट क्रमांक अकरा. वकील पहिल्यांदा हसले आणि मग म्हणाले, "राहू द्या, उपयोगी आहे."

इतका सगळा पुरावा गोळा केलेला हा माणूस प्रत्यक्ष डॉक्टरसमोर काय करतो, ते पाहायला मी वहिनींबरोबर साताऱ्याला गेलो. वकिलांना हाडाच्या तज्ज्ञाचा ताजा अहवाल हवा होता. डॉक्टर तरुण, साताऱ्याचाच, अस्सल मराठी बोलणारा. म्हणाला, "काका, फक्त डाव्या पायावर उभे राहा." डावा खुबा कमजोर असेल तर अशा वेळी कमरेची उजवी बाजू खाली झुकते. तोच तर पुरावा. मेजर उभे राहिले. जबडा आवळला, मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवरच्या सांगाड्यावर, आणि सगळं अंग डावीकडे तोलून कंबर अशी सरळ धरली, की समोर साक्षात कर्नल साहेब उभे असावेत. कपाळावर घाम. डॉक्टरने विचारलं, "दुखतंय?"

"नहीं, साब."

डॉक्टर म्हटलं की त्यांच्या तोंडून हिंदीच येतं. आणि हिंदीत त्यांना दुखत नाही.

दारातून वहिनी बोलल्या. "ह्यांचं काय ऐकताय डॉक्टर? पायमोजा घालायला वेळूच्या काठीला आकडा लावलाय ह्यांनी. डाव्या बुटाची नाडी कशी बांधत्यात विचारा. पाय मागं दुमडून, पाठीमागनं हात घालून, आंधळ्यागत. एसटीत चढताना उजवा पाय आधी, गर्दी असंल तर गाडी सोडत्यात. सत्यनारायणाला जोड्यानं बसायचं, तर दोन साल झाली, आमच्या दिराला बसवतोय. संडासात सुतारानं केलेली भोकाची खुर्ची हाय, पावणं आलं की ती माळ्यावर टाकायला लावत्यात. आणि रात्री कूस बदलताना कण्हत्यात. मला वाटतं, त्यांना माहीत पण नाय."

डॉक्टर लिहीत राहिला. मेजर एकाच पायावर उभे. त्यांना पाय खाली टेकायला कोणी सांगितलं नव्हतं.

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, बायकोने चव्हाट्यावर मांडलं म्हणून राग आलाय. नागठाणे मागे पडलं तेव्हा वळून म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस. पण एकालाही तारीख नव्हती."

वकिलांनी ते ऐकलं आणि उडीच मारली. असं प्रतिज्ञापत्र हवंच, म्हणाले, बायकोचं, रोजच्या हालांचं. गेली कित्येक वर्षं आम्ही बेळगाव ते पुणे माणसं हुडकत होतो आणि मुख्य साक्षीदार ओट्यावर गहू निवडत बसली होती. आता रोज संध्याकाळी आमच्या घरी बैठक असते. वहिनी सांगतात, मी लिहितो, मेजर लाल पेन घेऊन तपासतात. काठीला त्यांची हरकत नव्हती. "आकडा ३ इंची" अशी भर त्यांनीच घातली. नाडीचं त्यांनी स्वतः करून दाखवलं, मला नीट लिहिता यावं म्हणून. खुर्चीवर बरीच चर्चा झाली. शेवटी 'विशेष आसनव्यवस्था' या शब्दावर तह झाला. वहिनींना तो शब्द इतका आवडला, की त्या आता घरातही तोच वापरतात.

अडलंय ते शेवटच्या मुद्द्यावर. वहिनी म्हणतात, 'रात्री कण्हतात' असंच लिहायचं. मेजर म्हणतात, 'झोपमोड होते' लिहा, मराठा पलटणीचा हवालदार कण्हत नसतो. वहिनी म्हणतात, मग मी सही करत नाही, जागी मी असते, झोपलेले हे असतात, साक्ष कोणाची धरायची? कायद्याने वहिनींचं बरोबर आहे, आणि मेजरांनाही ते ठाऊक आहे. धरमवीर सिंगांनी यावर काहीच म्हटलेलं नाही. नोटरीची वेळ शुक्रवारची घेतलेली आहे आणि मसुद्यात तेवढी एक जागा कोरी आहे.

काल रात्री जेवणं झाल्यावर मेजर एकटेच आले. पायरीशी थांबले, आधी उजवा पाय वर टाकला, मग डावा ओढून घेतला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "गुरुजी, ते 'कण्हतात' कंसात टाकलं तर चालतं का?"